पोत गहाण ठेवण्याआधी

ताई, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. वाळूजला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम करतो, महिना १८,००० पगार. तीन वर्षांपासून रोज पितो. आता तर सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जायच्या आधीही क्वार्टर लागते. गेल्या महिन्यात आम्ही त्याला दोन दिवस घरातच कोंडून ठेवलं, तर त्याला फिट आली. वहिनी दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेली आहे. एका व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस घरी येऊन गेला. तीन महिन्यांचे ७५,००० रोख, तीन महिने भेट नाही, आणि "तो नाही म्हणाला तरी आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो" असं म्हणाला. आईने ५,००० बयाणा दिलाय आणि उरलेल्या पैशांसाठी ती पोत गहाण ठेवायला निघाली आहे. माझ्या मिस्टरांचा मेडिक्लेम आहे, त्यात भावाचं होईल का? दारू सोडवायला सरकार पैसे देतं असं ऐकलंय. ते कोणाकडे मागायचे?

एक बहीण, छत्रपती संभाजीनगर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पैशाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात आणि फिटचं मध्येच एका ओळीत उरकलंत. मी आधी फिटचं घेते, कारण पैशाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

रोज पिणाऱ्या, त्यातही सकाळी उठल्या उठल्या लागणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली की शरीराला ते झेपत नाही. थरथर, घाम, झोप उडणं हे तर होतंच. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम सुरू होऊ शकतो. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, वारलेला चुलता दारात उभा दिसतो, अंगात ताप भरतो. या अवस्थेत माणूस दगावतोसुद्धा. एकदा फिट आलेल्याला पुढच्या खेपेला पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. तेव्हा घरात कोंडण्याचा प्रकार पुन्हा नको. डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत त्याची दारू तुम्ही आपल्या मनाने एकदम बंद करू नका. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण लिहिते. फिट आली, भ्रम झाला किंवा रक्ताची उलटी झाली, तर १०८ ला फोन करा. त्या गाडीचे पैसे लागत नाहीत.

म्हणजे दारू सोडवण्याचे पहिले आठ-दहा दिवस हे वॉर्डातले दिवस आहेत. सलाईन, बी-१ची इंजेक्शनं, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या आणि हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, रात्री उठून नाडी बघणारी सिस्टर. तुमच्याकडे आलेल्या त्या माणसाने ७५,००० मध्ये डॉक्टर कितीदा येणार ते सांगितलं का? फिट येऊन गेलीय हे ऐकून तो काय म्हणाला? पत्रात काही नाही. त्याने विचारलंच नसणार, असा माझा अंदाज.

आता तुमचा प्रश्न. दारू सोडवायला सरकार कोणाच्या हातात पैसे ठेवत नाही. सरकार खाट देतं, डॉक्टर देतं, गोळ्या देतं. एवढा फरक लक्षात आला की निम्मी पायपीट वाचते. मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होते. माझ्या टेबलासमोर बसलेल्यांतल्या कितीतरी जणांनी आधी सेतू केंद्र, मग नगरसेवक, मग आमदारांचं संपर्क कार्यालय अशी वारी केलेली असायची. हातात अर्जाची झेरॉक्स, वर पोच म्हणून मारलेला शिक्का. आणि खाट असायची त्याच इमारतीत, दोन मजले वर.

तुमच्या शहरात असे दोन दरवाजे आहेत. एक घाटी आणि दुसरा चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय. दोन्ही सरकारीच, पण खाती वेगळी, आणि त्यामुळे पैशाचा नियमही वेगळा. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. या विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत केलंय. घाटी मेडिकल कॉलेजचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं, त्याला तो निर्णय लागू नाही. तिथे केसपेपरचे, काही तपासण्यांचे थोडे पैसे पडतात. पण घाटीत मनोविकृतीचा पूर्ण विभाग आहे, आणि फिट, लिव्हर असं काही निघालं तर बाकीचे डॉक्टर त्याच आवारात. तुमच्या भावाची फिट लक्षात घेता मी तरी आधी घाटीचाच विचार करीन.

तिथे गेल्यावर 'मनोविकृती' ही पाटी शोधायची, आणि ओपीडीचे वार आधी विचारून घ्यायचे. डॉक्टरला तीन गोष्टी न लपवता सांगायच्या: रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, आणि फिट कोणत्या तारखेला आली. फिटचा मोबाईलवर व्हिडिओ असेल तर तो दाखवा. आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरसमोर "कधीमधी घेतो" असं सांगतात. त्या एका वाक्याने दाखल होणारा माणूस गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी येतो.

पैसे सांगितले आणि ते जमत नसतील, तर त्याच रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. बहुतेकदा जिन्याखाली, नाहीतर अपघात विभागाच्या बाजूला. कोणाला ठाऊक नसते म्हणून सांगते. बाहेरून आणायचं औषध, एखादी तपासणी, गावाकडे परतायचं भाडं, अशा गोष्टींसाठी देणगीदार आणि ट्रस्ट त्यांना माहीत असतात. केसपेपरवर डॉक्टरकडून "समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवावे" असं लिहून घ्या. नुसतं गेलात तरी चालतं, पण डॉक्टरची ओळ असली की काम लवकर होतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारी मानसिक अवस्था ही मानसिक आजारातच धरलेली आहे. आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, हातात बीपीएल कार्ड असो वा नसो. तुमचा भाऊ दारिद्र्यरेषेखाली बसणार नाही कदाचित. पण वहिनी माहेरी, कामावर खाडे, अशा घराचं खरं उत्पन्न किती हे तहसीलदाराच्या दाखल्यावर उतरलेलं बरं. तो उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, पुढे दोन-तीन ठिकाणी लागेल.

तुमच्या पत्रातला १८,००० हा आकडा मी दोनदा वाचला. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू होते, कॉन्ट्रॅक्टवर असला तरी. स्लिपवर १८,००० असतील तर महिन्याला १३५ रुपये कापले जात असणार. ते १३५ रुपये कुठे जातात हे घरात कोणी विचारलंय का? त्याची पगाराची स्लिप काढा. त्यावर दहा आकडी विमा क्रमांक असतो. नसेल तर ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन मागा, तो देणं त्याला भाग आहे. त्या क्रमांकावर ई-पेहचान कार्ड निघतं आणि ईएसआयच्या दवाखान्यातून तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. उपचाराचे पैसे नाहीत, औषधांचे नाहीत. आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते: ईएसआयच्या डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला, आणि ठरलेल्या सहामाहीत त्याचे निदान ७८ दिवस भरलेले असतील, तर सुट्टीच्या दिवसांचा ७० टक्के पगार मिळू शकतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दारू सोडवण्याचा खरा खर्च नेहमी औषधाचा नसतो. महिनाभर घरात येणारे पैसे थांबतात, मग तो तिसऱ्या आठवड्यात "मी बरा आहे, कामाला जातो" म्हणत उठतो, आणि कंपनीच्या गेटबाहेरचं दुकान तिथेच असतं. दारूपायी खाडे फार झाले असतील तर ७८ दिवस भरत नाहीत. तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका.

वॉर्डातून बाहेर पडल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. आठ-दहा दिवसांत दारू अंगातून जाते, डोक्यातून जात नाही. त्यासाठी राहून उपचार घेण्याची जागा लागते, आणि इथेच तो ७५,००० वाला भेटतो.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं महाराष्ट्रातही आहेत. कागदोपत्री त्यांना आयआरसीए म्हणतात. संस्था चालवते, पगार आणि खाटांसाठी सरकारी अनुदान येतं. जवळचं केंद्र कोणतं, हे १४४४६ या क्रमांकावर विचारा. व्यसनमुक्तीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट. तिथे फोन लागला नाही किंवा समाधान झालं नाही, तर समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन जिल्ह्यातल्या अनुदानित केंद्रांची यादी मागा. दुसरी एक हेल्पलाइन टेलिमानसची, १४४१६, चोवीस तास. ती यादीपेक्षा माणसाशी बोलण्यासाठी. तुमच्या आईसाठी लिहून ठेवा, मराठीत बोलतात.

केंद्राचं नाव मिळालं की फोनवर काय विचारायचं? अनुदानाच्या खाटा किती आणि रिकामी कधी होईल. जेवणाचे, औषधांचे वेगळे पैसे घेता का. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी येतात. फिट येऊन गेलेला माणूस घेता का, की आधी रुग्णालयात दाखल करून या म्हणता? शेवटच्या प्रश्नाला "आधी रुग्णालयातून या" असं उत्तर आलं, तर नाराज होऊ नका. तो माणूस शहाणा आहे. खाट भरलेली असेल तर प्रतीक्षायादीत नाव लिहून घ्या आणि दर सोमवारी फोन करा. यादीतलं नाव वर सरकतं ते फोनने, हे मी काही अभिमानाने सांगत नाही.

कोणी ना कोणी तुम्हाला पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सांगेलच. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात सुरू केलेलं हे केंद्र, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीच्या बळावर उभं राहिलं. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा असतो. तुमच्या त्या माणसाच्या तीन महिन्यांशी हा आकडा जरा ताडून पाहा. अशा ट्रस्टच्या केंद्रांत ऐपत नसल्याचं पहिल्याच फोनवर सांगावं. भरती करून नंतर रडत बसण्यापेक्षा ते सोपं जातं, त्यांनाही आणि आपल्यालाही.

आता त्या गाडीबद्दल. एक आई माझ्याकडे आली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. रुमालात बांधलेली पावती तिने माझ्या टेबलावर उलगडली. शाळेच्या वहीचं फाडलेलं पान, त्यावर बॉलपेनने "मुलगा भरती ३ महिने, रु. ४०,००० मिळाले" आणि न वाचता येणारी सही. नाव नाही, पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. मुलगा तीन आठवड्यांनी आमच्या वॉर्डात आला तेव्हा त्याच्या घोट्यावर साखळीचे वळ होते. पैसे गेले ते गेलेच, पण पुढे दोन वर्षं तो कुठल्याही पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला घाबरायचा, आणि त्याच्यावरचा खरा उपचार त्यामुळे लांबला.

साखळीने बांधणं हा कायद्याने गुन्हा आहे, कुठल्याही स्वरूपात. तुमचा भाऊ सज्ञान आहे. त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर त्यालाही रीत आहे: मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ यांनी वेगवेगळं तपासायचं, जिवाला धोका किंवा हिंसा अशी कारणं लेखी हवीत, घरच्यांतल्या नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज हवा, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. रात्री गाडी पाठवून उचलणं यात कुठे बसतं? केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. त्या माणसाला फोन करून नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक असला तर भेट का नाही ते विचारा. सुरुवातीचे काही दिवस भेट टाळणारी चांगली केंद्रंही असतात, पण तीन महिने आईला लेक दिसू द्यायचा नाही याला मी उपचार म्हणत नाही.

मेडिक्लेमचं थोडक्यात सांगते, कारण तिथे फार आशा नाही. मिस्टरांच्या फॅमिली पॉलिसीत बायकोचा भाऊ सहसा बसत नाही. बसवला तरी बहुतेक पॉलिसींत न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम असं स्पष्ट कलम असतं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असं २०१७ चा कायदा म्हणतो आणि पॉलिसीतलं कलम असं म्हणतं. या भांडणात तुमचं बिल अडकवू नका. एजंट म्हणेल "दारूचं लिहायचंच नाही". तसं केलंत तर क्लेम नाकारला जाईलच, वर मिस्टरांच्या पॉलिसीलाही डाग.

रेशनकार्डाचा उपयोग आहे, पण वेगळ्या जागी. महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना खुली आहे. आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी. खासगी व्यसनमुक्ती केंद्राचं तीन महिन्यांचं बिल त्यातून भरलं जात नाही, कोणी तसं सांगितलं तरी. मात्र दारूने पोटात, लिव्हरवर, स्वादुपिंडावर काही करून ठेवलं असेल आणि मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. पहिला कागद त्याच्याकडे न्यायचा, कॅशियरकडे नाही. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड काढून काही होत नाही.

तसंच धर्मादाय रुग्णालयांचं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या, असा महाराष्ट्रात नियम आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. भावाचे बाराही महिने भरले तर २,१६,००० होतात, म्हणजे तो दुसऱ्या गटात. तहसीलदाराचा दाखला म्हटलं ना, तो इथे लागतो. अशा एखाद्या रुग्णालयात मनोविकार विभाग असेल तर दहा दिवसांचा वॉर्ड तिथेही होऊ शकतो. पण घाटी असताना मी आधी तिकडे जाणार नाही.

इतकं सगळं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, तो यायला तर हवा. खरं आहे. फिटची भीती त्यालाही बसलेली असणार, मान्य करत नसला तरी. "दारू सोडायला चल" म्हटलं की तो उठून जाईल. "त्या दिवशीच्या फिटचं दाखवून येऊ" म्हणा. यात खोटं काहीच नाही, आणि फिटसाठी दवाखान्यात जायला कोणाला लाज वाटत नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर दारूचा विषय आपोआप निघतो. मात्र भिंतीवरच्या जाहिराती बघून "रुग्णाला न सांगता चहातून द्या" अशी पावडर आणू नका. त्यात काय असतं देव जाणे. दारूशी न जुळणारी जी खरी गोळी डॉक्टर देतात, ती न सांगता दिली आणि वर तो प्यायला, तर छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतणं. ती गोळी रुग्णाला माहीत असून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

देशभरात झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस घरांत काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लाज, पैसा, आणि "त्याचं तोच बघेल" असं म्हणणारे पाहुणे.

वॉर्डातली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे दुपारी चहा यायचा, स्टीलच्या पेल्यांत. मावशी नव्याने भरती झालेल्यांना अर्धा पेलाच द्यायच्या, कारण पूर्ण दिला की थरथरत्या हाताने अंगावर सांडायचा. मग कधीतरी, पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी, कोणीतरी ओरडायचा, "मावशी, मला अर्धाच का?" डॉक्टर राउंडला यायच्या आधीच आम्हाला कळलेलं असायचं कोण सुधारतोय. त्या पेल्याचे कोणी पैसे घेत नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष हे सगळ्यात लांब आणि सगळ्यात स्वस्त. महिन्याला एकदा ओपीडीत गोळ्या, त्यासाठीचं बसभाडं, आणि जवळपास अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची सभा असेल तर तिथे जाणं. तिथे फी नसते, टोपी फिरते, त्यात टाकलं तर टाकलं. मराठीत सभा होतात. घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाची वेगळी बैठक असते. तिथे वहिनीने जावं असं मला वाटतं, माहेरी राहूनही. तिला लगेच परत बोलावण्याची घाई करू नका. लेकरांसमोर काय काय झालंय ते तिला ठाऊक. आणि पुन्हा प्यायला, तर केसपेपर फाडू नका. तोच घेऊन परत त्याच ओपीडीत जायचं. पुष्कळांना दोन-तीन खेपा लागतात, आणि सरकारी खाटेवर दुसऱ्यांदा आलेल्याला कोणी दुप्पट दर लावत नाही.

येत्या ओपीडीच्या दिवशी सोबत आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा. नाव आधारवर आहे तसंच केसपेपरवर लिहून घ्या. 'गणेश' चं 'गणेशराव' झालं की पुढे प्रत्येक टेबलावर तासभर जातो. भावाबरोबर एक माणूस असा न्या की ज्याला रांगेत उभं राहायचा कंटाळा नाही. आई तिथे नको, तिला डॉक्टर काही विचारतील आणि ती रडेल.

ता. क. बयाण्याचे ५,००० गेले असं धरून चालू नका. त्या माणसाला लेखी, किमान व्हॉट्सअ‍ॅपवर, कळवा की आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात दाखल करतोय, पैसे परत करा, आणि सोबत नोंदणी क्रमांकही विचारा. पावती दिली आहे का, ते आईला विचारून बघा. पावती मिळाली आणि तीही वहीच्या पानावर असेल, तर तिचा फोटो काढून ठेवा.